वसाहतीतील दिवंगतांची चरित्रे लिहिताना

आमच्या वसाहतीच्या ज्येष्ठ नागरिक संघातर्फे दरवर्षी सर्वपित्री अमावास्येच्या सुमारास एक लहानशी पुस्तिका काढली जाते. मागच्या वर्षभरात वसाहतीतील जी माणसे गेली, त्यांच्यापैकी प्रत्येकासाठी तिच्यात एक पान राखलेले असते. माणूस कोणत्या पदावर होता, संघाचा सभासद होता की नव्हता, वर्गणी भरत होता की नाही, यावर ते पान अवलंबून नसते. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली असल्यामुळे हे लेखन काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आले आणि आता ते सोडावे असे मला वाटत नाही. हे काम कसे चालते, त्यात काय हाती लागते आणि काय निसटून जाते, हे लिहून ठेवण्याचे बरेच दिवस मनात होते.

ही प्रथा करोनाच्या साथीनंतर सुरू झाली. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी होती, आणि करोनाने गेलेल्यांना तर रुग्णालयातून घरी न आणता थेट स्मशानभूमीत नेले जात असे. ज्या घरी एरवी दहाव्यापर्यंत माणसांची रीघ लागली असती, तिथे शेजाऱ्यांनासुद्धा दारातूनच मागे फिरावे लागले. पुढे व्यवहार सुरळीत झाले, संघाच्या सभा पुन्हा भरू लागल्या आणि तेव्हा लक्षात आले, की खुर्च्या रिकाम्या आहेत पण त्या माणसांबद्दल कुणी कुठे चार शब्द बोललेले नाही. एका सभेत कार्यवाहांनी नुसती नावे वाचून दाखवली. त्यानंतर एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, "नावं तर आम्हाला पाठ आहेत. ती माणसं कशी होती ते कुणीतरी लिहा." त्या वाक्यातून ही पुस्तिका जन्माला आली.

आमची वसाहत पुण्यातील गोखलेनगरच्या बाजूची, म्हणजे मूळची पूरग्रस्तांची. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे बांधकाम अपूर्ण असलेले धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरणही फोडले आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांमध्ये शिरले. नारायण, शनिवार, कसबा या पेठांतील वाडे पडले आणि तिथली कुटुंबे पुढे नव्या वसाहतींमध्ये राहायला आली. तेव्हा जे शाळकरी होते किंवा ज्यांचे नुकतेच लग्न झाले होते, ती पिढी आता जात आहे. चरित्र लिहिणाऱ्याच्या दृष्टीने याचा एक परिणाम असा, की अनेक घरांत १९६१ पूर्वीचा कागदच नाही. शाळेचे दाखले, लग्नाचे फोटो, पत्रे, सोने ठेवलेली पेटी, सगळे एकाच दुपारी गेलेले. त्याआधीचे आयुष्य फक्त कुणाच्या तरी तोंडीच शिल्लक असते.

आरंभी आम्ही घरोघरी छापील तक्ता दिला होता: नाव, जन्मतारीख, शिक्षण, नोकरी, छंद, स्वभाव. तक्ते वेळेवर भरून आले, पण एकावर एक ठेवून वाचले तर ते एकाच माणसाचे वाटावेत. स्वभावाच्या रकान्यात प्रेमळ, मनमिळाऊ, परोपकारी. छंदाच्या रकान्यात वाचन. नोकरीच्या रकान्यात कंपनीचे नाव आणि बायकांच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी नुसते 'गृहिणी'. वर्तमानपत्रातील निधनवार्तेत जागेचे पैसे मोजावे लागतात, तिथे हे समजण्यासारखे आहे, पण पूर्ण पान हाताशी असताना आपल्याच माणसाबद्दल याहून अधिक काही सुचू नये, याचे मला फार वाईट वाटले. त्यात घरच्यांचा दोष नव्हता. तुमच्या वडिलांचा स्वभाव कसा होता, असे विचारले की कोणीही विशेषणेच सांगणार. तेव्हापासून तक्ता बंद केला आणि मी स्वतः जाऊन बसू लागले.

कधी जायचे, हे हळूहळू कळत गेले. तेराव्याच्या आत जाऊ नये. तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेले असते आणि बोलणे शेवटच्या आजारपणाभोवतीच फिरते. कुठले रुग्णालय, कुठल्या दिवशी काय झाले, डॉक्टर काय म्हणाले. ते सगळे सांगणाऱ्याला सांगायचे असते आणि ते ऐकून घेणे हे आपले कर्तव्यही आहे, पण त्यात गेलेल्या माणसाच्या आयुष्याचे शेवटचे काही आठवडेच येतात. महिना-दीड महिन्यानंतर गेले की कपाट आवरायला काढलेले असते. वस्तू हातात येतात, त्यांच्याबद्दल प्रश्न विचारता येतात आणि उत्तर विशेषणाने देता येत नाही. "हे काय आहे?" हा मला माझ्या सगळ्या प्रश्नांमध्ये सर्वाधिक फळलेला प्रश्न.

एका घरी असेच झाले. आजोबा "प्रेसमध्ये होते" एवढीच माहिती मुलाकडे होती. मुलगा प्रामाणिक होता. त्याच्या लहानपणी वडील सकाळी सायकलवर अप्पा बळवंत चौकाच्या बाजूला जात आणि रात्री येत, यापलीकडे त्याने काही पाहिलेलेच नव्हते. कपाटाच्या खणात नातवाला एक लोखंडी पट्टी सापडली होती, तीन बाजूंनी कडा असलेली आणि एक बाजू सरकणारी. कडीकोयंड्याचा भाग समजून त्याने ती भंगारात टाकायला काढली होती. ती कंपोझिटरची, म्हणजे छापखान्यात अक्षरे जुळवणाऱ्याची, स्टिक होती. मला ती ओळखता आली, पण ती कशी वापरतात हे माहीत नव्हते, म्हणून त्यांच्याबरोबर काम केलेल्या एका गृहस्थांचा पत्ता काढून नारायण पेठेत त्यांच्या घरी गेले.

त्या गृहस्थांनी स्टिक डाव्या हातात धरली आणि पुढचा तासभर त्यांनी ती खाली ठेवली नाही. डाव्या अंगठ्याने ओळ दाबून धरायची आणि उजव्या हाताने केसमधून, म्हणजे खणाखणांच्या पेटीतून, एकेक खिळा, म्हणजे अक्षराचा धातूचा ठसा, उचलून लावायचा. खिळ्याच्या अंगावर एक खाच असते. ती बोटाला लागली की खिळा सुलटा की उलटा हे न पाहता कळते. अक्षरे खिळ्यावर उलटी असतात आणि ओळ डोक्यावर उभी राहिल्यासारखी जुळवावी लागते. मराठीत तर डिग्री टाइपात अक्षर वेगळे, वरची मात्रा-वेलांटी वेगळी, खालचा उकार वेगळा. एक 'पूर्वी' लिहायचे म्हणजे किती तुकडे बसवायचे, हे त्यांनी टेबलावर आगपेटीच्या काड्या मांडून दाखवले. छापून झाले की तेच खिळे पुन्हा धुऊन, सोडवून, ज्याच्या त्याच्या घरात परत टाकायचे. "आमच्या यांना प्रूफ लागायचंच नाही," ते आजोबांबद्दल म्हणाले. "जुळवलेल्या फर्म्यावर नुसती नजर फिरवून ऱ्हस्व-दीर्घ सांगायचे. लेखकाची चूक असली तर लेखकाला बोलावून घ्यायला लावायचे." ऑफसेट आणि संगणक आल्यावर प्रेसमधले खिळे वजनावर विकले गेले. त्यानंतर निवृत्तीपर्यंत आजोबांनी मुद्रितशोधन केले.

हे सगळे लिहून मी मुलाला वाचून दाखवले तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाई, आमच्या वह्यांवरची नावं ते उलटी वाचून दाखवायचे, आम्हाला वाटायचं गंमत करतायत." ते वाक्य मी पानात जसेच्या तसे घेतले. ती स्टिक आता त्यांच्या बैठकीच्या खोलीत काचेच्या कपाटात आहे. मृत्यूच्या दाखल्यावर नाव असते, तारीख असते, आईचे आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव असते, पत्ता असतो. माणूस आयुष्यभर काय करत होता, याला तिथे जागा नसते. ती जागा आमच्या पानात पहिल्यांदा भरायची, असे मी त्या घरापासून ठरवले.

बायकांच्या बाबतीत हे अधिक अवघड जाते. "त्या घरीच असायच्या" हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकले आहे, की आता त्यावर न थांबता दुसरा प्रश्न विचारते: घरात पैसा कमी पडायचा तेव्हा काय करायच्या? एका सूनबाईंनी या प्रश्नावर सहज सांगितले, की सासूबाई पूर्वी थोडे डबे करायच्या, फार काही नाही. माळ्यावरच्या ट्रंकेत त्यांच्या वह्या निघाल्या. दोन बोटे जाडीच्या, लाल कापडी पाठीच्या, हिशेबाच्या वह्या. प्रत्येक पानावर उभी नावे आणि आडव्या तारखा. आला त्या दिवशी बारीक रेघ, खाडा झाला तर गोल, एकादशीला 'उ', पाहुणा आणला तर दोन रेघा. महिन्याच्या शेवटी गुणाकार आणि त्यापुढे 'पोचले'. फर्ग्युसन, शेतकी महाविद्यालय, विधी महाविद्यालय इथे शिकायला आलेली, बहुतेक मराठवाड्याची आणि नगर-सोलापूरकडची मुले. रोज पहाटे चारला उठून त्या स्टोव्हवर पोळ्या करत आणि त्यांचे यजमान कामावर जाताना सायकलला डबे अडकवून नेत, ही माहिती समोरच्या घरातील काकूंनी नंतर दिली.

या वह्यांमधील १९७२ची पाने मी पुन्हा पुन्हा पाहिली. त्या वर्षीचा दुष्काळ महाराष्ट्रात कुणाला वेगळा सांगावा लागत नाही. गावाकडे विहिरी आटल्या होत्या, माणसे खडी फोडायला जात होती आणि या मुलांची मनीऑर्डर येईनाशी झाली होती. दिवाळीनंतरच्या पानांवर सात-आठ नावांपुढे रेघा नेहमीसारख्या आहेत, गुणाकारही केलेला आहे, पण 'पोचले' नाही. तसेच पुढच्या महिन्यात. त्याच्याही पुढच्या महिन्यात. त्या सगळ्या काळात त्या नावांपुढे एकही खाडा वाढलेला दिसत नाही, म्हणजे डबा बंद झाला नव्हता. घरात तेव्हा मिळवता माणूस एक आणि मुले चार. काही नावांपुढे पुढे वर्ष-दीड वर्षाने वेगळ्या शाईत 'पोचले' आले आहे आणि काहींपुढे कधीच आलेले नाही. सूनबाईंनी ती पाने माझ्याबरोबर बसून वाचली. "आम्हाला कधी बोलल्या नाहीत," एवढेच त्या म्हणाल्या. त्या आजींच्या पानावर आम्ही 'गृहिणी' हा शब्द वापरला नाही. "सुमारे वीस वर्षे विद्यार्थ्यांसाठी खानावळ चालवली" असे लिहिले. काही जणांना तो मोठेपणा वाटला. मला तो हिशेब वाटतो.

नावे आणि तारखा हा वेगळाच विषय आहे. आमच्या पुस्तिकेत १ जून या दिवशी जन्मलेल्यांची संख्या पाहून एका तरुण मुलाने आश्चर्य व्यक्त केले होते. शाळा जूनमध्ये उघडायची, गुरुजी मुलाला जवळ बोलावून वय अदमासाने ठरवायचे आणि १ जून लिहून टाकायचे. तीच तारीख पुढे नोकरीत, पेन्शनमध्ये आणि आधार कार्डावर गेली. खरी तारीख हवी असेल तर घरातील सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारावे लागते आणि ती तारीख सांगत नाही, प्रसंग सांगते. "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा हा दोन महिन्यांचा होता" असे कुणी म्हटले, की ११ डिसेंबर १९६७ची ती पहाट धरून मागे मोजता येते. "पुराच्या वेळी पोटुशी होते" असे म्हटले, की १९६१चा पावसाळा. तिथी आठवत असेल तर जुने पंचांग उघडावे लागते. असा जमवलेला दिवस आम्ही 'सुमारे' असे म्हणून छापतो, पण १ जूनवर न थांबता छापतो.

बायकांचे माहेरचे नाव मी न चुकता विचारते. त्या पिढीत लग्नात तबकातील तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले जाई आणि त्या दिवसापासून मुलगी नावानिशी दुसरी होई. एका आजींचे माहेरचे नाव मुलांपैकी कुणालाही माहीत नव्हते. त्यांची धाकटी बहीण साताऱ्याला असल्याचे कळले, फोन लावला. त्यांनी बहिणीचे नाव सांगितले, शाळा सांगितली, चौथीत स्कॉलरशिपला बसवले होते पण त्याच उन्हाळ्यात लग्न ठरले, हेही सांगितले. दोन्ही नावे पानावर शेजारी शेजारी छापली आहेत.

ज्यांच्या मागे कुणीच नसते त्यांच्यासाठी वेगळ्या वाटा धराव्या लागतात. तळमजल्यावर एकटे राहणारे एक काका गेले. अविवाहित. पुतण्या कोल्हापूरहून येऊन सगळे आटोपून, खोलीची किल्ली मालकांना देऊन परतला. पीएमटीत, म्हणजे पुण्याच्या जुन्या शहर बससेवेत, कंडक्टर होते, एवढे सर्वांना ठाऊक होते, म्हणून पीएमपीएमएल होण्यापूर्वीच्या, म्हणजे २००७च्या आधीच्या कर्मचाऱ्यांपैकी कुणी भेटते का ते पाहिले. स्वारगेटला एका चहाच्या दुकानात निवृत्त मंडळी सकाळी जमतात, तिथे त्यांचे जुने ड्रायव्हर भेटले. वे-बिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, कधी पाच पैशांनी चुकले नाही, हे त्यांनी पहिल्यांदा सांगितले. कंडक्टरच्या नोकरीत दिवसअखेरची ती जुळणी काय असते, हे त्यांच्या सांगण्याच्या स्वरावरून कळत होते. शेवटच्या फेरीला कुणी एकटी बाई असली, तर ती उतरून गल्लीत वळेपर्यंत काका घंटी देत नसत आणि त्यावरून ड्रायव्हरशी वाद होई. "आज ते वाद बरे वाटतात," असे ड्रायव्हर म्हणाले. पेपर टाकणारा मुलगा, वाणी, गणेश मंडळाचे जुने खजिनदार यांच्याकडूनही थोडे थोडे मिळाले. ते पान लिहायला सर्वाधिक वेळ लागला आणि वसाहतीत सर्वाधिक वाचले गेले तेही तेच.

काय लिहायचे नाही, याचेही काही संकेत आहेत. वाटण्या, कोर्टकचेऱ्या, कोण कुणाकडे किती दिवस राहिले, हे आम्ही लिहीत नाही. भाऊ-बहिणींच्या आठवणी जिथे एकमेकींशी जुळत नाहीत, तिथे दोघांनाही मान्य असेल तेवढेच घेतो. एका घरी तरुण मुलगा अपघातात गेला होता; आईवडिलांना काहीही लिहायला नको होते, तिथे नाव, दोन तारखा आणि बाकी पान कोरे ठेवले. मात्र गोडवे गाण्यासाठी खोटे लिहायचे नाही, हेही ठरलेले आहे, आणि या बाबतीत मला बळ मिळाले ते एका काकूंमुळे. त्यांच्या यजमानांच्या पानात मी त्यांच्या स्वभावाबद्दल काही लिहिले नव्हते. काकू म्हणाल्या, "अहो, रागीट होते ते लिहा की. नाहीतर हे पान कुणाचं आहे ते वसाहतीत कुणाला ओळखू येणार नाही." लिहिले.

एका निवृत्त परिचारिकेने देहदान केले होते. त्यांच्या मुलीने सांगितले, की आईबद्दल कमी लिहिले तरी चालेल, पण देहदान कसे करतात ते लिहा, आईला तेच आवडले असते. म्हणून त्यांच्या पानाचा अर्धा भाग त्यालाच दिला: जिवंतपणी संमतीचा अर्ज भरून ठेवावा, घरच्यांना त्याची पूर्ण कल्पना द्यावी, मृत्यूनंतर वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाला शक्य तितक्या लवकर कळवावे आणि नेत्रदान करायचे असेल तर नेत्रपेढीला त्याहून आधी, कारण डोळे साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात.

मजकूर तयार झाला की मी तो घरी नेऊन मोठ्याने वाचते. कागद हातात दिला तर लोक "छान आहे" म्हणून परत देतात. ऐकताना मात्र कुणीतरी मध्येच थांबवते; विशेषतः स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या बायका. "तेव्हा ते शनिवारात नव्हते, नारायणातच होते." "शिलाई मशीन नवं नव्हतं, जुन्या बाजारातलं होतं." अशा दुरुस्त्यांमुळे पान खरे होते. फोटोंची अडचण मात्र दरवर्षी असते. अनेक बायकांचा एकटीचा फोटो आधार कार्डाशिवाय कुठे नसतोच. नातवाच्या मुंजीतल्या घोळक्यातून एका आजींचा चेहरा कापून घेतला आहे, त्यात त्यांच्या खांद्यावर कुणाचा तरी बांगड्या भरलेला हात तसाच राहिला आहे. छपाईवाल्याने तो पुसून देतो म्हटले होते. मी नको म्हटले.

पाने कोणत्या क्रमाने लावावीत, यावर पहिल्या वर्षी कार्यकारिणीत चर्चा झाली होती. माजी पदाधिकारी आधी घ्यावेत, असे काहींचे मत होते. मृत्यूच्या तारखेप्रमाणे लावावीत आणि प्रत्येकाला एकच पान असावे, हा माझा आग्रह टिकला, आणि गेल्या वर्षी माजी अध्यक्षांचे पान वसाहतीचा जिना झाडणाऱ्या मावशींच्या पानाशेजारी आले तेव्हा त्याला कुणीही हरकत घेतली नाही.

पुस्तिका वाटल्यावर आठवडाभर फोन येत राहतात: एखादी दुरुस्ती, एखादी राहिलेली आठवण, कधी कुणीतरी ठेवलेले जुने पत्र. ते सगळे संघाच्या कपाटात त्या त्या नावाच्या पाकिटात जाते आणि पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेच्या शेवटी पुरवणी म्हणून छापले जाते. यंदाच्या पुस्तिकेसाठी अजून काही घरे व्हायची आहेत. त्यांपैकी एका आजींचा मंडईत भाजीचा गाळा होता. त्यांची मुलगी गणपतीत माहेरी येईल तेव्हा सविस्तर बोलणार आहे, पण शेजारच्या गाळ्यावर चाळीस वर्षे बसलेल्या बाई आता थकल्या आहेत आणि सकाळी आठपर्यंतच तिथे असतात, म्हणून मंडईत आधी जायचे ठरवले आहे.